माशांचा पोळा

मासे पाळायचंही शिक्षण असतं, हे ऐकून चिंचखेडी पोट धरून हसली होती. माशाच्या पिलाला पोहायला कोणी शिकवत नाही. मग माणसाला मासा शिकवण्यासाठी सरकार महिनाभर नागपूरला नेऊन जेवू का घालतं? पारावर बसून भैयाजी तर म्हणाला होता, "पुढच्या साली उंदीर पाळाचीबी शाळा निघन, पाह्यजा." गावातले निम्मे शेतकरी माळकरी, मासा म्हटलं की नाक मुरडणारे. ढिवरांची दोन घरं होती. आमच्या सात पिढ्या पाण्यात गेल्या, आम्हाला कोण शिकवतो, म्हणून ती घरं रुसून बसली. शेवटी ग्रामसेवकाच्या कागदावर एकच नाव उरलं, खालच्या वस्तीतल्या चंद्रभानचं. चौथी पास, दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, आणि कुठलीही नवी गोष्ट दिसली की "पाहू त खरी" म्हणणारा माणूस.

पण ही गोष्ट चंद्रभानची नाही. ती त्याच्या बायकोची, मनकर्णाची आहे. तिने शाळेची पायरी बाहेरून झाडली होती तेवढीच.

चंद्रभान परत आला तो निळ्या पुठ्ठ्याची एक वही घेऊन. पहिल्याच संध्याकाळी मनकर्णा त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली.

"महिनाभर तुमी तिकडे बसून जेवले. इकडे दोन मानसायची निंदाई म्या एकटीनं केली. आता वाचा."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"वाचा म्हनलं ना."

तो वाचू लागला. वहीतली प्रत्येक ओळ एकाच तऱ्हेने सुरू होत होती. साहेब म्हणतात, पिल्लं सोडण्याआधी तळ्यातले मरळ, शिंगाळा असे खादाड मासे काढून टाकावे, नाहीतर पिल्लं त्यांच्याच पोटात जातात. साहेब म्हणतात, पाण्यात शेण घालावं, म्हणजे पाणी हिरवट होतं आणि त्या हिरव्यावर मासा पोसतो. साहेब म्हणतात, हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. तिथे तळवा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर, आधीच दिसेनासा झाला तर शेण जास्त झालं. साहेब म्हणतात, आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी खाद्य अर्धं करावं.

रोज दिवेलागणीला एक पान वाचून होई. पंधरा दिवसांत वही संपली, तेव्हा मनकर्णा म्हणाली, "आता पुन्ना पयल्यापासून." दुसऱ्या वाचनात चंद्रभान जिथे अडखळे तिथे पुढचा शब्द ती सांगू लागली. चंद्रभानला हे फारसं आवडलं नाही, पण त्याने ते चारचौघांत सांगितलं खरं. सांगताना त्याचीच छाती फुगली होती.

तळं चार एकराचं. पूर्वी मालगुजाराचं होतं. मालगुजारी गेली तसं पंचायतीचं झालं. त्याच्या दगडी पायऱ्यांवर मनकर्णाच्या सासूला उभंही राहू देत नसत. वरच्या बाईने दया येऊन दुरून घागरीत पाणी ओतलं तर ते घेऊन यायचं, नाहीतर नाल्यात झिरा उकरायचा. अशा तळ्यात मासे पाळायची परवानगी खालच्या वस्तीला द्यायची का, यावर पंचायतीत दोन बैठका झाल्या. सरपंच रूपराव पाटील माणूस वाईट नव्हता, पण त्याचं घड्याळ जरा मागे चालत असे. अखेर तो म्हणाला, "एक वरीस देऊन पाहू. मासे जगले त पुढचं पाहू. मेले त तळं वापस. मंग कोनं रडाचं नाई."

चंद्रभानने मान डोलावली. मनकर्णा बैठकीबाहेर कुडाला टेकून उभी होती. तिने मनातल्या मनात ते शब्द गाठीला बांधले.

आषाढात नागपूरचे ते साहेब पिल्लं घेऊन आले. कलकत्त्याहून आगगाडीने आलेली, पत्र्याच्या डब्यांत, जिऱ्याएवढी. रोहू, कटला, मिरगल. भैयाजी तमाशा पाहायला आलाच होता. "ओता ना पटकन," तो म्हणाला. पण साहेबांनी डबे तसेच पाण्यावर तरंगत ठेवायला लावले, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. मनकर्णाला ते लगेच पटलं. नव्या सुनेलाही आपण उंबऱ्यात जरा थांबवतोच की. ती गुडघाभर पाण्यात डबा धरून उभी राहिली आणि मग तिने तो हळूच कलता केला. पिल्लं आपल्या पायांनी गेल्यासारखी निघून गेली.

त्या दिवसापासून रोज सकाळी ती दगडी पायऱ्यांवरून उतरे, तिसऱ्या पायरीवर बसे आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घाली. पाणी पाहायचं हे तर खरंच. पण पहिल्या सकाळी हात घातला तेव्हा तिला सासूची आठवण आली आणि हात बाहेर काढावासा वाटेना. इतका वेळ बसली की शेजारच्या म्हाताऱ्या शकुबाईने वरून हाक मारली, "काय वं, हात हारपला का पान्यात?"

पोळा जवळ आला तोवर पिल्लं बोटभर झाली होती.

आता पोळ्याची अडचण ऐका. चिंचखेडीच्या सगळ्या बैलजोड्या पोळ्याच्या सकाळी तळ्यात धुतल्या जायच्या, आजाच्या पणज्यापासून. साहेब म्हणाले होते की पिल्लं लहान आहेत तोवर गुरं पाण्यात नकोत. चंद्रभानने ते पंचायतीत सांगितलं आणि गावात मोहोळ उठलं. पोळ्याला बैल तळ्यात नाही म्हणजे काय? माशांसाठी बैलांनी पारोसं राहायचं? रूपरावने कसंबसं निभावलं. दिला शब्द तर दिला, बैल नाल्यावर धुवा म्हणाला. पण त्याच्या मनात ते सलत राहिलं. त्यात नाल्याला डोंगरातून गढूळ लोंढा आला. बैल धुवायला न्यावे तर अधिकच माखून परत येत.

आठ दिवस आभाळ उघडलं नव्हतं. झड थांबली होती, पण ऊन नाही आणि वाराही नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी चंद्रभान चुना आणि जाळं आणायला वर्ध्याला गेला. नालवाडीला बहिणीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी येतो म्हणाला. जाताना माशांना रोज घालायच्या पेंडीबद्दल सांगून गेला, "आभाळ हाय. ढेप अर्धीच टाकजो."

"माहीत हाय मले," मनकर्णा म्हणाली. आणि तिला माहीत होतंच, हे विशेष.

संध्याकाळी गावात घरोघर बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळले गेले. बैलांच्या कानाशी लागून लोक म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खालच्या वस्तीत बैल होते एकाच घरी, तेही म्हातारे. बाकीच्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बैलांचे खांदे चोळले होते आणि दुसऱ्यांच्या तोरणाखालची गर्दी मागून पाहिली होती. मनकर्णा दारात उभी राहून ते सगळं ऐकत होती. तिच्या मनात आलं, आपल्याकडे जनावर नाही असं कोण म्हणतं? तळ्यात पाच हजार आहेत की.

शकुबाईला आधी शंका आली. "आपुन दीक्षा घेतली ना वं? मंग पोळा करते का?"

"देवाचा कुठं करतो? राबनाऱ्या जनावराचा करतो. जनावराले कुठं धर्म असते?"

शकुबाई लगेच घरोघर सांगायला निघाली. तासाभरात वस्तीतल्या बाया तळ्याच्या काठावर जमल्या. कोणी ज्वारीची आंबील आणली, कोणी कण्या, कोणी शिजवलेली डाळ. मनकर्णाने घरातली ढेप आणली. अर्धी आणायची म्हणून हात घातला खरा, पण सणासुदीला लेकराला अर्धपोटी कोण ठेवतं? चार दिवसांची ढेप तिने एका संध्याकाळी पाण्यात सोडली. मग पदर सावरून, हात जोडून, बैलांना म्हणतात तसंच मोठ्याने म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाया हसल्या, एकीने गाणं धरलं. उभ्या आयुष्यात असा पोळा केला नाही, असं सगळ्याच म्हणाल्या.

सकाळी मनकर्णा चूल पेटवत होती, तोच शकुबाई धावत आली. तिचा पदर जड झाला होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"मनकर्णे, चाल वं लवकर! तुह्ये पाव्हने आले आवतनाले! अवघ्या तळ्यात तोंडच तोंड, आ करून राह्यले भुकेनं. अन हे पाह्य." तिने पदर उघडला. आत झिंगे वळवळत होते. "आपसूक काठावर आले. नुसते येचून घेतले. तळं खुश झालं आपल्यावर!"

मनकर्णाच्या हातातली फुंकणी खाली पडली. लहानपणापासून तिने नाल्यात टोपली लावून झिंगे धरले होते. एकेका झिंग्यासाठी दगडाखाली हात घालावा लागतो. झिंगा आपल्या पायाने पाण्याबाहेर कधी येत नाही. तो आला म्हणजे आत त्याचा जीव राहत नाही.

ती पळतच तळ्यावर गेली. शकुबाई म्हणाली ते खरं होतं. काठापासून मधोमधपर्यंत पाण्यावर बारकी बारकी तोंडं उघडमीट करत होती. बाया पुरणाच्या ताटल्या घेऊन पोहोचल्याही होत्या.

"टाकू नका! कोनीच काई टाकू नका!" ती ओरडली.

तिसऱ्या पायरीवर बसून तिने हात पाण्यात घातला. मनगटाच्या थोडं वरच तळवा दिसेनासा झाला. एरवी हात घातला की पिल्लं भुर्रकन पळत. आज ती हाताला लागून गेली, तरी पळाली नाहीत. पाण्याला आंबूस वास येत होता. काल घातलेली आंबील, डाळ, ढेप सगळी तळाशी कुजत होती आणि पाण्यात श्वास उरला नव्हता. एक पिल्लू आडवं होऊन पांढरं पोट दाखवत तिच्या बोटांजवळून वाहत गेलं.

"हे म्या केलं," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, पण मोठ्याने. "घरच्यायनं सांगतलं होतं अर्धी टाक म्हनून. म्या मारले यायले."

आणि मग रडायला वेळ नाही हे तिच्या लक्षात आलं. वहीत होतं: साहेब म्हणतात, मासा सकाळी वर येऊन तोंड उघडत असेल तर पाणी बांबूने झोडपावं, वरून पाणी ओतावं, पाण्यात हवा मिसळावी. तिने बायांना बांबू आणायला पिटाळलं. सात-आठ जणी पाणी झोडपू लागल्या. त्यांच्याभोवती दहा-दहा हात पाणी हललं, पण तळं चार एकराचं. हत्तीला चमच्याने आंघोळ घालावी तसं ते चाललं होतं.

मनकर्णा काठाकाठाने पळत पाहत होती, कुठे जास्त मरतायत, कुठे कमी. पलीकडच्या मुरमाच्या बाजूला ती थबकली. तिथे एक म्हैस पाण्यात शिरली होती. भैयाजीची म्हैस, तिला पंचायतीचा ठराव कोण वाचून दाखवणार? म्हैस मान हलवत, पाय मारत पोहत होती आणि तिच्याभोवती लाटा उठत होत्या. त्या लाटांच्या घेरात एकही तोंड वर नव्हतं.

हे वहीत नव्हतं. मनकर्णाने एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा गावाकडे, आणि ओल्या लुगड्यानिशी ती सरळ पाटलाच्या वाटेला लागली.

रूपरावच्या अंगणात बैलांच्या शिंगांना बेगड लावणं चाललं होतं. बैलांच्या पोटाला चिखल तसाच होता आणि रूपरावच्या कपाळावर आठी. भैयाजीसकट चार-पाच शेतकरी बसले होते. मनकर्णा अंगणात येऊन उभी राहिली तसे सगळे तिच्या ओल्या लुगड्याकडे पाहू लागले.

"काय वं चंद्रभानची? काय झालं?"

"पाटील, बैल तळ्यात घाला."

रूपरावला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हनलं?"

"गावची अवघी बैलं तळ्यात घाला. आत्ताच. मासे मरून राह्यले."

भैयाजी उठून उभाच राहिला. "वा रे वा! काल बैल घालाचे नाई, आज घालाचे! तुमच्या माशायच्या मर्जीनं चालन का गाव?"

"चूक माह्यी हाय," मनकर्णा म्हणाली. तिची मान ताठ होती. "काल सनाच्या भरात म्या ज्यादा खाऊ घातलं. पान्यात हवा नाई उरली. पानी हालवलं त जगतीन. तुमची म्हैस मुरमाकून पान्यात हाय भैयाजी, तिच्या भोवताल एकबी मासा तोंड वर करून नाई. पाहून या."

रूपरावने तळ्याच्या दिशेला मान वळवली. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल ते अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नुसतं बसून राहिलं तरी पुरे होतं. दोन तासांत मासे संपले असते आणि तळं, त्यानेच घातलेल्या अटीप्रमाणे, परत आलं असतं. कोणाला बोट दाखवायलाही जागा नव्हती.

"पोळ्याच्या दिशी बैलाले काम लावत नाई," भैयाजी म्हणाला.

"आंघोळ कोन्त्या गावात काम असते?" मनकर्णा म्हणाली. मग ती रूपरावकडे वळली. "पाटील, तळं घ्याचं त उद्या पंचायत बसवा अन घ्या. म्या आडवी येनार नाई. पन आज पोळा हाय. आजच्या दिशी मुकं जनावर डोयासमोर मरू देनार का तुमी?"

रूपराव पाटलाला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ गोष्टी मागितल्या होत्या. पण तू शेतकरी आहेस का, असं त्याच्याच अंगणात कोणी विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला. हातातला बेगडाचा कागद त्याने खाली टाकला आणि आपल्या मानाच्या जोडीचे कासरे सोडले.

"बसले काय, भैयाजी? आना आपापली बैलं! कोन्या बाजूनं घालाचे, बाई?"

"मुरमाकून. गाळात नाई जाऊ द्याचे, गाळ उठला त अखीन मरतीन."

आणि चिंचखेडीने कधी पाहिलं नव्हतं ते त्या सकाळी पाहिलं. तीस-बत्तीस जोड्या मुरमाच्या बाजूने पाण्यात उतरल्या. काठावर मनकर्णा उभी राहून हात करत होती, इकडे न्या, तिकडे वळवा, आणि गावचे बाप्ये निमूट ऐकत होते. बैल खोल पाण्यात पोहू लागले, शेपट्या आपटू लागले, तळ्यावर लाटा चढल्या. ज्यांच्याकडे बैल नव्हते त्यांनी बांबू घेतले. दगडी पायऱ्यांवर बायांची रांग लागली. विहिरीवरून घागरी येत होत्या आणि हातोहात जाऊन उंचावरून तळ्यात रिकाम्या होत होत्या. कोणाची घागर कोणाच्या हातात होती हे पाहायला कोणी थांबलं नाही. जे थांबले असते त्यांना मनकर्णाने ओरडून कामाला लावलं असतं.

ऊन पडलं तेव्हा दहा वाजून गेले असतील. आठ दिवसांनी पडलेलं ते पहिलं ऊन. मनकर्णा तिसऱ्या पायरीवर आली, बसली आणि तिने हात पाण्यात घातला. तिच्या मागे सगळा गाव ओलाचिंब उभा होता.

बोटांपाशी पिल्लांचा एक थवा होता. हात शिरताच तो भुर्रकन फुटला आणि खोल पाण्यात गेला.

"गेले," ती म्हणाली. "पयाले."

गर्दीतून असा आवाज उठला की बैल बुजले. शकुबाई तर भैयाजीच्या पाठीवर थाप मारून मोकळी झाली आणि भैयाजीने ती खाऊन घेतली.

दुपारी चंद्रभान चुन्याचं पोतं घेऊन आला, तोवर मेलेली पिल्लं टोपलीभर निघाली होती. मनकर्णाने ती त्याच्यासमोर ठेवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. त्याने टोपलीतलं एक पिल्लू उचलून तळव्यावर घेतलं.

"अर्धीच टाक म्हनलं होतं," तो म्हणाला.

"व्हय."

"अन हे बैलायचं? हे कोनं सांगतलं तुले? साहेबायनंबी नाई सांगतलं हे."

"भैयाजीच्या म्हशीनं," मनकर्णा म्हणाली, तेव्हा कुठे तो हसला.

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. इतके स्वच्छ धुतलेले बैल चिंचखेडीच्या पोळ्याला कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणून झाल्या. तोरण तोडायची वेळ आली, तशी रूपरावने हात वर केला. खालच्या वस्तीची माणसं नेहमीसारखी मागे उभी होती.

"मनकर्णाबाई, पुढं या," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून ती त्या अंगणात आणि त्या पारावर 'चंद्रभानची' होती. आपलं नाव पाटलाला ठाऊक आहे, हेच तिला आज कळलं. ती पुढे आली.

"तुमची जोडी कोन्ती?" रूपरावने विचारलं. थट्टा होती, पण तिच्यात काटा नव्हता.

"माह्ये पाच हजार पान्यात हायेत, पाटील. त्यायले तोरन लागत नाई." लोक हसले, ती हसली नाही. "सकाळी सांगतलं तेच सांगतो. चूक माह्यी होती. पंचायत कधी बसवता?"

रूपरावने आपल्या जोडीच्या धुतलेल्या, चकचकीत पाठीवरून हात फिरवला.

"पंचायत कायले पायजे? मासे जगले. तळं तुमचंच हाय." मग घसा खाकरून तो म्हणाला, "पन पुढच्या पोळ्याले आमची बैलं तळ्यात आनाची त कोनाले इचाराचं? तुमाले का चंद्रभानले?"

मनकर्णाने एकवार चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभानने बोट तिच्याकडे केलं.

"मले इचारजा," ती म्हणाली. "मुरमाकून आनत असान त 'हो' म्हनन."

घरी आल्यावर तिने कंदील लावला, निळी वही काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली. "लिहा."

"काय लिहू?"

"पोळ्याले माशायले उपास. आभाळ असलं त आवतनबी द्याचं नाई. अन तळं मोठं असलं त मुरमाच्या अंगानं बैल घालाचे."

चंद्रभानने लेखणी बुडवली. सवयीने त्याने 'साहेब म्हणतात' असं लिहायला घेतलं, 'सा' काढला आणि थांबला. मग तो खोडून त्याने त्याच्या पुढे लिहिलं आणि जे लिहिलं ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"मनकर्णा म्हणते."

"पुन्ना वाचा," मनकर्णा म्हणाली.